नांगराखाली फुटलेलं गाडगं: चिखलाच्या शेतात सापडलेल्या रोमन नाण्यांचं प्रकरण

पार्श्वभूमी

इंग्लंडच्या मध्य भागातली एक काउंटी. पिवळसर, जड चिकणमातीचं सहा-एक हेक्टरांचं रान, दक्षिणेकडे हलका उतार, खालच्या बांधाला लागून सार्वजनिक पायवाट. नोव्हेंबरचा मध्य उलटला होता, नांगरट झालेली होती, पण पावसामुळे गव्हाची पेर राहिली होती. एका शनिवारी दहा-बारा वर्षांचा अनुभव असलेला एक शोधक मेटल डिटेक्टर घेऊन या रानात उतरला. ज्याचं उत्तर अर्ध्या तासात द्यायला हवं, असा प्रश्न त्या दिवशी संध्याकाळी त्याच्यापुढे उभा राहिला. स्थळ, माणसं आणि नाण्यांचे आकडे ओळखू येऊ नयेत इतपत बदलले आहेत. अशा प्रसंगी जे निर्णय घ्यावे लागतात आणि ज्या चुका होतात, त्या मात्र झाकलेल्या नाहीत.

शोधकाकडे परवानगी होती ती जमीन कसणाऱ्या कुळाची. तीही तोंडी, फाटकापाशी हातात हात देऊन मिळालेली. जमिनीची मालकी एका मोठ्या इस्टेटीची होती, आणि तिच्या कचेरीला याची गंधवार्ता नव्हती. वर्षानुवर्षं शर्टाची बटणं, शिशाच्या बंदुकीच्या गोळ्या आणि झिजलेली तांब्याची नाणी निघत राहिली की कागदाची गरज कुणालाच वाटत नाही.

कायदा थोडक्यात असा. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९६चा ट्रेझर अ‍ॅक्ट २४ सप्टेंबर १९९७ पासून लागू आहे. ३०० वर्षांहून जुनी आणि वजनात किमान १० टक्के सोनं किंवा चांदी असलेली दोन किंवा अधिक नाणी एकाच साठ्यातली निघाली की ती ‘ट्रेझर’, म्हणजे कायद्याने राखलेला ठेवा, ठरतात. मौल्यवान धातू १० टक्क्यांहून कमी असेल तर किमान दहा नाणी लागतात. ३० जुलै २०२३ पासून आणखी एक वर्ग जोडला गेला: २०० वर्षांहून जुनी, निदान अंशतः धातूची आणि अपवादात्मक महत्त्वाची वस्तू, मग धातू कोणताही असो. वस्तू सापडल्यापासून, किंवा ती ट्रेझर असू शकते हे लक्षात आल्यापासून, १४ दिवसांत त्या भागातल्या कॉरोनरला, म्हणजे अशा प्रकरणांची चौकशी करून निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याला, कळवावं लागतं. व्यवहारात ही वर्दी फाइंड्स लिएझन ऑफिसरमार्फत जाते. सामान्य लोकांना सापडलेल्या वस्तूंची नोंद घेणारी पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम नावाची योजना आहे. इंग्लंडमध्ये ती ब्रिटिश म्युझियम चालवतं, आणि हा तिचा स्थानिक अधिकारी. पुढे त्याला नोंद अधिकारी म्हटलं आहे. न कळवणं हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत तर लेखी संमतीशिवाय डिटेक्टर चालवणंच १९७९च्या कायद्याने गुन्हा ठरतं.

हे सगळं तिकडचं. भारतात १८७८चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा वेगळा आहे. जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून अधिक मोलाचं काही सापडलं तर इथे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. इंग्लंडमधली पद्धत वाचून इथल्या रानात यंत्र घेऊन उतरू नये.

चिखल काय करतो

या प्रकरणातले बरेचसे चुकीचे निर्णय चिखलातून आले, म्हणून आधी चिखलाबद्दल.

नांगरून टाकलेल्या, रोलर न फिरवलेल्या रानात डिटेक्टरची कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची चकती, जमिनीला लागून फिरत नाही. ती ढेकळांच्या माथ्यावरून फिरते, आणि नांगराच्या दोन तासांमधल्या सरीवर हवेची पोकळी राहते. पोकळी पाच सेंटिमीटरची असेल तर यंत्राची खोली तेवढ्यानेच घटते. ढेकूळ चुकवायला कॉइल उचलली की आणखी घटते. त्यात ओली माती कॉइलवर चढते. बहुतेक कॉइलांना खाली प्लास्टिकचं झाकण असतं. झाकण आणि कॉइल यांच्या फटीत पाणी-चिखल शिरला आणि फेऱ्यागणिक हलू लागला, की जमिनीत काही नसताना यंत्र टुकटुक करतं. यावर साधा उपाय आहे: झाकण काढून धुवायचं, कोरडं करून बसवायचं आणि कडेने इलेक्ट्रिकल टेप फिरवायची. या शोधकाने ते केलं नव्हतं. त्याने ‘यंत्र बडबडतंय’ म्हणून संवेदनशीलता दोन पायऱ्या खाली आणली. त्यामुळे सकाळच्या पट्ट्यात खोलवरचं काही राहून गेलं असेल तर ते आता सांगता येणार नाही.

जमिनीचा समतोल साधताना हाच चिखल पुन्हा आडवा येतो. सिग्नल नसलेली स्वच्छ जागा शोधून कॉइल दहा-पंधरा सेंटिमीटर वर-खाली हलवायची आणि यंत्राला मातीची ओळख करून द्यायची, ही रीत. पण उताराच्या वरच्या अंगाला माती निथळलेली आणि खालच्या अंगाला रेंदा झालेला असेल, तर सकाळी वर साधलेला समतोल दुपारी खाली चालत नाही. तासा-दीड तासाने तो पुन्हा साधावा लागतो.

खणताना वेगळाच त्रास. कोरड्या मातीत नाणं सुटं होऊन पडतं. ओल्या चिकणमातीत ते ढेकळाच्या पोटात बसतं. खड्ड्यावर सिग्नल नाही, उपसलेल्या मातीवर नाही, आणि फावड्याच्या पात्याला चिकटलेल्या थापीत मात्र नाणं आहे, असं सारखं होतं. फावडं लोखंडी, त्यामुळे नेमकी जागा दाखवणारा हातातला छोटा पिनपॉइंटर त्याच्याजवळ नेला की तो लोखंडालाच बोलतो. म्हणून थापी हाताने काढून बाजूला ठेवायची, तिचे दोन तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकडा कॉइलसमोरून फिरवायचा. बोलणाऱ्या तुकड्याचे पुन्हा दोन. घाई झाली की लोक चिखल बोटांत दाबून कुस्करतात. मातीत असलेली वाळूची कणी तेव्हा चांदीवर कानशीसारखी चालते. शिवाय दोन हजार वर्षं जमिनीत राहिलेली चांदी ठिसूळ होते, कडेला दाब पडला की टवका उडतो.

आणि पाय. वाफसा नसलेल्या रानात दिवसभर चाललं की बुटांवर किलो-किलोची थापी चढते, माती तुडवली जाते आणि शेतकऱ्याचं नुकसान होतं. वाफशाची वाट पाहावी, हा नियम शोधकाला ठाऊक होता. तरी तो उतरला, कारण कुळाने आठवड्यापूर्वी म्हटलं होतं, ‘सोमवारी पेरणी करायची आहे.’ पेर झाली की हे रान पुढच्या सुगीपर्यंत बंद. या घाईत तर्काची एक साधी चूक होती. ज्या चिखलात माणसाचा पाय निघत नाही, त्यात ट्रॅक्टर आणि पेरणीयंत्रही उतरत नाही. शनिवारी पाऊस चालू होता, सोमवारी पेर होणं शक्यच नव्हतं. एक फोन केला असता तर हे कळलं असतं.

शनिवारचा क्रम

सकाळी दहाला सुरुवात. पहिलं नाणं अकराच्या सुमारास, पंधरा सेंटिमीटरवर, ढेकळाच्या पोटात: रोमन दिनार, चांदीचा, १८ मिलिमीटर व्यासाचा, तीन ग्रॅमच्या आसपास. वीस मिनिटांनी दुसरं. एक वाजेपर्यंत सात. सगळी नांगराच्या तासांच्या दिशेने पसरलेल्या, तीसेक मीटर लांबीच्या एका पट्ट्यात.

ही सातही नाणी कमरेच्या एकाच पिशवीत गेली. त्यातली तीन शोधकाने तासातल्या पाण्यात बुडवून अंगठ्याने चोळली, मुखवटा कोणाचा ते पाहायला. एकावर रोमन सम्राट व्हेस्पेशियनचं डोकं ओळखता आलं. दुसरं जवळजवळ सपाट झालेलं होतं, पण प्रकाशात तिरकं धरल्यावर एका बाजूला वल्ह्यांच्या जहाजाची रेघ आणि दुसऱ्या बाजूला दोन ध्वजांमधला गरुड दिसत होता. हे रोमन सेनापती मार्क अँटनीने इसवी सनापूर्वी ३२-३१ मध्ये सैन्याच्या पगारासाठी पाडलेलं नाणं. त्यात चांदी कमी असल्याने लोक ते साठवत नसत, खर्चून टाकत. म्हणून ही नाणी दीड-दोनशे वर्षं हातोहात फिरत राहिली आणि पुढच्या काळातल्या साठ्यांतही भेटतात. सपाट झालेली ती रेघ म्हणजे दीडशे-दोनशे वर्षांच्या बोटांचा ठसा, आणि तीच ओल्या मातीत अंगठ्याने चोळली गेली.

दुपारनंतर शोधक सावध झाला. पुढची चार नाणी निघाली तेव्हा त्याने प्रत्येकाची जागा फोनवर नोंदवली आणि प्रत्येकाला वेगळी पिशवी दिली. ब्रिटनच्या नकाशांवरच्या ग्रिड पद्धतीत सहा आकडी संदर्भ १०० मीटरचा चौकोन दाखवतो, आठ आकडी १० मीटरचा आणि दहा आकडी १ मीटरचा. फोन दहा आकडे दाखवतो, पण मोकळ्या रानातही त्याची खरी अचूकता तीन ते पाच मीटरांचीच असते, म्हणजे शेवटच्या आकड्यावर विसंबून चालत नाही. तरीही अकरातल्या चारांना पाच मीटरच्या आत जागा मिळाली. उरलेल्या सातांना मिळाली ती फक्त ‘वरच्या फाटकाकडून दुसरा पट्टा’ एवढीच.

सव्वातीनला त्याच पट्ट्यात मोठा सिग्नल आला. कॉइल तीस सेंटिमीटर वर उचलली तरी तो ओसरला नाही. एकट्या नाण्याचा आवाज असा नसतो. असा आवाज फुटलेल्या लोखंडी फाळाचा असतो, पाइपचा असतो, नाहीतर ढिगाचा असतो. शोधकाने चाळीस सेंटिमीटर रुंदीचा खड्डा घेतला. चोवीस सेंटिमीटरवर मातीचा पोत बदलला. वरची माती भुसभुशीत, काळपट. खाली वर्षानुवर्षांच्या नांगरटीने दाबून बसलेला कठीण थर. त्या थराच्या तोंडाशी करड्या खापराची कड वर आली. कडेचा तुटका भाग फिकट आणि स्वच्छ होता, म्हणजे खापर अलीकडेच, बहुधा याच नांगरटीत, फुटलं होतं. फावड्याच्या पुढच्या घावात दोन नाणी उडून बाहेर आली. खापराच्या आत हिरवट-काळ्या चकत्या एकमेकींवर आडव्या रचलेल्या दिसत होत्या.

वाजले होते तीन चाळीस. सूर्यास्ताला अर्धा तासही उरला नव्हता. पाऊस बारीक पण सतत चालू होता.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय उघड होता: गाडगं काढून घरी न्यायचं. त्याच्या बाजूनेही काही मुद्दे होते. खालच्या पायवाटेवर दिवसभर कुत्री फिरवणारी माणसं येत-जात होती, आणि दोघे बराच वेळ थांबून पाहत होते. इंग्लंडमध्ये रात्री चोरून डिटेक्टर चालवणाऱ्यांना ‘नाइटहॉक’ म्हणतात, आणि कुणाला काही निघाल्याची कुणकुण त्यांना पुरते. शिवाय खड्ड्यात पाणी भरत होतं आणि रविवारीही कार्यालयं बंद होती.

पण गाडगं काढणं म्हणजे नाणी हातात येणं आणि बाकी सगळं जाणं. जे जातं ते किती मोठं असतं, याचं ठळक उदाहरण सॉमरसेटमधल्या फ्रोमजवळचं. २०१०मध्ये तिथे एका मोठ्या रांजणात ५२,५०३ रोमन नाणी सापडली. शोधकाने रांजणाचं तोंड दिसताच हात आवरला आणि पुरातत्त्वज्ञांना बोलावलं. त्यांनी नाणी थराथराने काढली. त्यामुळे लक्षात आलं की सगळ्यांत उशिराच्या, म्हणजे बंडखोर रोमन सम्राट कारॉसियसच्या राजवटीतल्या नाण्यांपैकी बहुतेक रांजणाच्या खालच्या भागात होती. म्हणजे रांजण वर्षानुवर्षं थोडा-थोडा भरत गेलेला गल्ला नव्हता. तो पुरतानाच भरला होता. बादलीत ओतून नेली असती तर हीच ५२,५०३ नाणी राहिली असती, पण हे कधीच कळलं नसतं. १९९२मध्ये सफकमधल्या हॉक्सनेला जो साठा निघाला, तिथेही शोधकाने लवकर थांबून कळवलं, म्हणून लाकडी पेटीचे आणि तिच्या बिजागऱ्यांचे अवशेष जागच्या जागी हाती लागले.

दुसरा पर्याय: झाकायचं, बुजवायचं, नोंद अधिकाऱ्याला कळवायचं आणि कोणी येईपर्यंत राखण करायची. यात नोव्हेंबरच्या दोन-तीन रात्री जागून काढाव्या लागणार होत्या, आणि कुळाला विश्वासात घ्यावं लागणार होतं. कुळाला सांगितलं की मालकापर्यंत गोष्ट जाणार, हेही शोधकाला दिसत होतं.

तिसरा पर्याय: बुजवून गुपचूप निघून जायचं आणि सोमवारी फोन करायचा. तो मोहाचा होता, कारण त्यात आज काहीच करायचं नव्हतं. पण उडालेली दोन नाणी आणि उकरलेली ताजी माती आपण होऊन जागा दाखवत होती. मधल्या दोन रात्री खड्डा कुणाच्याही हाती गेला असता.

चौथ्या पर्यायाचाही उच्चार करायला हवा, कारण तो दरवेळी कुणाच्या तरी मनात येतो: कुणालाच न सांगणं. २०१५मध्ये हेरफर्डशायरमध्ये सापडलेला व्हायकिंग काळातला साठा न कळवता चोरल्याबद्दल आणि दडवल्याबद्दल दोघांना २०१९मध्ये मोठ्या तुरुंगवासाच्या शिक्षा झाल्या. त्या साठ्यातली बहुसंख्य नाणी आजही बेपत्ता आहेत. शिक्षा हा एक भाग झाला. नाणी विकली गेली, विखुरली, आणि आता ती कोणत्या क्रमाने, कशात, कशासोबत पुरली होती हे कुणालाही सांगता येणार नाही.

काय केलं

शोधकाने दुसरा पर्याय घेतला. घेतला तो एका कारणावरून: खापर कठीण थरात अडकलेलं होतं, म्हणजे नांगराने हललेल्या मातीच्या खालचं होतं. नांगरलेल्या मातीत सापडलेली वस्तू मूळ जागेवरून हललेलीच असते. त्याखालची मात्र पुरणाऱ्याने ठेवली तिथेच असते. तिथल्या शोधकांच्या आचारसंहितेचं सांगणंही हेच आहे: नांगरलेल्या थराखाली काही दिसलं की हात थांबवायचा. चोवीस सेंटिमीटरची खूण त्याने फावड्याच्या दांड्यावर आधीच आखून ठेवलेली होती. तिचा त्या दिवशी उपयोग झाला.

त्याने फोनवर खड्ड्याचे चार फोटो घेतले: एक सरळ वरून, शेजारी फावडं ठेवून मापासाठी, एक कडेचा, थराचा रंग बदललेला दिसेल असा, दोन लांबून, मागे झाड आणि विजेचा खांब येईल असे. पुन्हा जागा गाठायला हे लांबचे फोटो आकड्यांहून अधिक कामी आले. उडालेली दोन नाणी त्याने न पुसता मातीसकट पिशव्यांत घातली. मग कुळाला फोन केला.

कूळ जनावरांच्या खाद्याचं रिकामं पोतं घेऊन आलं. पोतं खापरावर पसरून वर तीच माती भरली. कुळाचा पहिला विचार होता ट्रॉली आणून त्या जागेवरच उभी करावी, म्हणजे खणायलाच जागा उरणार नाही. शोधकाने अडवलं, आणि बरं केलं. ओल्या मातीत ट्रॉलीचं चाक वीस-पंचवीस सेंटिमीटर सहज रुततं; ते थेट गाडग्यावर गेलं असतं. ट्रॉली वरच्या फाटकात आडवी लावली, गाडीला आत शिरायला वाट राहिली नाही. कुळाचं घर तिथून तीनशे मीटरवर. दोघांनी रात्री वाटून घेतल्या.

नोंद अधिकाऱ्याच्या फोनवर शनिवारी निरोप ठेवला आणि फोटोंसह ईमेल पाठवला. रविवारी दुपारी उलट फोन आला. काउंटीचे पुरातत्त्वज्ञ मंगळवारी सकाळी येऊ शकत होते.

इथे एक चूक झाली, ती मंगळवारी दिसली. माती खड्ड्यात सैल भरली गेली होती आणि वरून सपाट केली होती. सैल माती बसली, मध्ये खळगा पडला, आणि चिकणमातीच्या वाडग्यासारख्या खड्ड्यात तीन दिवसांचं पाणी साठलं. पोतं काढलं तेव्हा खापराभोवती गाळाचं पिठलं झालेलं होतं, आणि पहिला तास स्पंजाने पाणी टिपण्यात गेला. भरताना दर दहा सेंटिमीटरला माती हाताने दाबायची, वर कासवाच्या पाठीसारखा उंचवटा ठेवायचा आणि चढाच्या बाजूला वीतभर खोलीची आडवी चर काढायची, म्हणजे उतारावरचं पाणी वळतं. या कामाला दहा मिनिटं लागली असती.

उत्खनन आणि निष्पत्ती

दोन मीटर बाय दोन मीटरचा खड्डा आखला गेला. वरची नांगरलेली माती ताडपत्रीवर पसरून डिटेक्टरने तपासली. त्यात गाडग्याच्या काठाचे सहा तुकडे आणि तीन नाणी निघाली. कठीण थर साफ केल्यावर पिवळ्या मातीत काळपट, मऊ मातीचा गोल डाग दिसला. गाडगं पुरायला खणलेला मूळ खड्डा तो हाच. डागाची कड शोधकाने घेतलेल्या खड्ड्यापासून चार बोटांवर संपत होती. आणखी एक घाव पडला असता तर ही कड गेली असती.

गाडग्याचा खालचा अर्धा भाग शाबूत होता. तो जागेवर रिकामा केला नाही. भोवतीची माती खांबासारखी राखली, तिला आधी स्वयंपाकघरातली चिकट फिल्म गुंडाळली आणि वरून प्लास्टरच्या पट्ट्या. पट्ट्या वाळल्यावर खालून पत्रा सरकवून सगळा गोळा उचलला. प्रयोगशाळेत आधी क्ष-किरण चित्र घेतलं, मग नाणी एकेक करून काढली.

त्यात १४३ नाणी होती. शेवटची दुसऱ्या शतकातला सम्राट मार्कस ऑरेलियस याच्या काळातली, म्हणजे गाडगं त्यानंतर केव्हातरी पुरलं गेलं. पण नाण्यांहून बोलकं होतं त्यांचं रचणं. तळाशी दोन गुंडाळ्या स्पष्ट दिसत होत्या, चकत्या चळतीसारख्या लावलेल्या, आणि त्यांच्या बाहेरच्या अंगाला धातूच्या गंजात टिकून राहिलेले विणीचे धागे. म्हणजे नाणी मोजून, कापडात बांधून ठेवली होती. हे धागे दिसल्यावर शनिवारी चोळलेल्या तीन नाण्यांचा प्रश्न पुन्हा वर आला. त्यांच्यावर काही होतं का, हे आता कळण्याचा मार्ग नाही.

सात नाण्यांची जागा नोंदली नव्हती, त्याची किंमत अधिक मोठी निघाली. पुरातत्त्वज्ञांना हवं होतं ते विखुरणीचं चित्र: नांगराने नाणी कोणत्या दिशेला, किती लांब ओढली. ते असतं तर एकाच गाडग्यातून सगळी आली का, हे ताडता आलं असतं. वसंतात, वाफशावर, मीटर-मीटरच्या रांगा आखून त्यांनी तीस मीटर बाय तीस मीटरचा भाग पुन्हा तपासला. नऊ नाणी आणखी मिळाली, त्यातली चार गाडग्याच्या चढाकडे बावीस मीटरवर, एकत्र. नांगर आणि उतार दोन्ही माती खाली नेतात. वर नाणी कशी गेली? दुसरं गाडगं होतं आणि ते पूर्वीच फुटून गेलं, ही एक शक्यता. शोधकाची पहिली सात त्या बाजूची होती की खालची, हे कळलं असतं तर उत्तर जवळ आलं असतं. ते अनिर्णित राहिलं.

गाडग्यापासून काही अंतरावर बुजलेली चर आणि रोमन काळातल्या साध्या भांड्यांची खापरं निघाली. काउंटीच्या पुरातत्त्व नोंदवहीत या रानाच्या वरच्या कोपऱ्यात, हवाई छायाचित्रात दिसलेल्या आयताकृती पिकखुणांची, म्हणजे जमिनीखालच्या जुन्या चरांमुळे वा भिंतींमुळे पिकात उमटणाऱ्या खुणांची, नोंद आधीपासून होती. ही नोंदवही लोकांना पाहता येते. शोधकाने ती उघडली असती तर वरच्या पट्ट्यात पहिल्या तासापासूनच झेंड्या लावून काम केलं असतं.

वाद झाला तो पैशावरून नव्हे, कागदावरून. नोंदीच्या अर्जात जमीनमालकाचं नाव लागतं. तिथे इस्टेटीचं नाव आलं आणि तिच्या कचेरीला पहिल्यांदा कळलं की आपल्या रानात कुणी डिटेक्टर चालवतो. कुळाच्या करारात जमिनीतल्या पुरातन वस्तूंचा हक्क मालकाकडे राखलेला होता, तिथल्या भाडेकरारांत असं कलम अनेकदा असतं. म्हणजे मुळात परवानगी द्यायचा अधिकार कुळाला होता का, हाच प्रश्न. ट्रेझर संग्रहालयाने घेतलं की शोधकाला आणि मालकाला बक्षीस मिळतं, पण विनापरवाना शिरलेल्या शोधकाचं बक्षीस कमी होऊ शकतं किंवा पूर्ण जाऊ शकतं. पत्रव्यवहार पाच महिने चालला. शोधकाने थांबून, कळवून, राखण करून जागा वाचवली, हे नोंद अधिकाऱ्याच्या अहवालात स्पष्ट होतं. त्याचा मोठा आधार झाला. शेवटी तडजोड झाली: नेहमीप्रमाणे अर्धा वाटा शोधकाला, उरलेल्या अर्ध्याचे मालक आणि कूळ यांच्यात समान भाग.

कॉरोनरने साठा ट्रेझर असल्याचा निर्णय दिला, स्थानिक संग्रहालयाने तो घेण्याची इच्छा दाखवली, मूल्यांकन समितीने किंमत ठरवली. या सगळ्याला दीड वर्षाहून अधिक काळ गेला, आणि यात नवल काही नाही. रक्कम शोधकाच्या मित्रांनी कल्पिली होती त्याहून बरीच कमी आली. दुसऱ्या शतकातले दिनार मुबलक सापडतात, बाजारात त्यांना अपूर्वाई नाही. या साठ्याचं मोल त्याच्या गुंडाळ्यांत आणि धाग्यांत होतं.

वेगळं काय करता आलं असतं

निर्णयाची खरी जागा तीन चाळीसची नव्हती, ती साडेअकराची होती. एकाच पट्ट्यात चांदीचं दुसरं जुनं नाणं निघालं, तेव्हाच हा प्रसंग बदलला होता. त्या क्षणी यंत्र खाली ठेवून दोन्ही खड्ड्यांत तारेच्या झेंड्या रोवायच्या, फोनवर जागा घ्यायच्या, पिशव्यांवर आकडे टाकायचे आणि पुढचं प्रत्येक नाणं त्याच क्रमाने न्यायचं, एवढंच करायला हवं होतं. पिशव्या छिद्रं पाडलेल्या असाव्यात, म्हणजे आत पाणी कोंडत नाही. नाण्याभोवतीची माती तशीच ठेवायची. मुखवटा कोणाचा ही उत्सुकता प्रयोगशाळा भागवते.

चिखलात बोटं गारठतात, हातमोजे निसरडे होतात, फोनचा पडदा ओल्या बोटाला दाद देत नाही. त्यामुळे ‘नंतर नोंदवू’ असं होतं, आणि शोधकाचंही तेच झालं. यासाठी साधनं बदलावी लागतात. फोनपेक्षा बटणांचं हातातलं जीपीएस यंत्र ओल्यात चांगलं चालतं. पिशव्यांवर आकडे घरीच, कोरड्या हाताने, पक्क्या शाईने लिहून आणावेत. रानात फक्त पिशवी उघडायची. साध्या पेन्सिलीने पाणीरोधक वहीत पिशवीचा आकडा, खोली आणि जागा, एवढ्या तीनच गोष्टी लिहायच्या.

मोठा, न ओसरणारा सिग्नल सव्वातीनला आला तेव्हा तो खणायचाच नव्हता, असं आमचं मत आहे. प्रकाश अर्ध्या-पाऊण तासाचा उरला असताना, अकरा नाणी मागे असताना, तो सिग्नल काय आहे हे साधारण कळत होतं. झेंडीही न लावता जागा नोंदवून निघून गेलं असतं तर ना ताजा खड्डा दिसला असता, ना राखणीची वेळ आली असती, ना पाणी भरलं असतं. गाडगं जमिनीत अठराशे वर्षं होतं. मंगळवारपर्यंत थांबलं असतं.

परवानगीचा कागद एका पानाचा पुरतो: जमिनीचा नकाशा, मालक कोण आणि कसतो कोण, दोघांच्या सह्या, ट्रेझर ठरलेल्या वस्तूंची वाटणी, आणि न ठरलेल्या वस्तू कुणाच्या. शेवटचं कलम लोक विसरतात. ट्रेझर नसलेल्या वस्तूंवर पहिला हक्क सहसा जमीनमालकाचा असतो, शोधकाचा नव्हे.

त्या रानात वरच्या अंगाला आता नांगर जात नाही. इस्टेट आणि कूळ यांनी मिळून तो कोपरा गवताला सोडला आहे, आणि उरलेल्या रानात मशागत पंधरा सेंटिमीटरपेक्षा खोल न्यायची नाही असं ठरलं आहे. बावीस मीटरवरच्या चार नाण्यांच्या जागी खाली काही शाबूत उरलं असेल, तर ते फाळाच्या टप्प्याबाहेर आहे.